मोठी असते ती मादी

स्मितानं फोन सासूबाईंच्या पुढं धरला आणि स्वतः तोंड फिरवलं.

"आई, हे बघा. सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. बी विंगच्या पॅसेजमध्ये होते म्हणे. मला तर बघवतही नाही."

शिवलीलाबाई कोथिंबीर निवडत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी चष्मा वर सरकवला. फोटोत ओली फरशी होती आणि फरशीवर काळाभोर, तुकतुकीत, करंगळीएवढा जाड किडा. खाली तांबूस पायांची झालर. त्याच्या पाठीवर तसलाच दुसरा, पण बारीक, अंगाला अंग लावून आडवा झालेला. फोटोखाली लोकांनी लिहिलं होतं, गोम आहे का, विषारी असेल, मुलं खाली खेळतात. सगळ्यांत शेवटी सेक्रेटरी महांतेश यांचा निरोप होता की शनिवारी पेस्ट कंट्रोलवाले येतील.

"गोम नव्हे ही," शिवलीलाबाई म्हणाल्या. "वाणी आहे. पैसा पण म्हणतात. डिवचलं की वेटोळं करून पैशासारखा पडतो. चावत नाही बिचारा."

"आणि वर कोण आहे? पिल्लू?"

"नाही. नवरा."

स्मितानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. सासूबाई चेष्टा करत नसत, हे तिला लग्नानंतरच्या दोन वर्षांत कळलं होतं. ती पुण्याची, मारतहळ्ळीच्या या फ्लॅटमध्ये सकाळी लॅपटॉप उघडायचा तो संध्याकाळी मिटायचा. सासूबाई म्हणजे स्वयंपाकघरात मावेल न मावेल अशी एक उंच, रुंद, शांत बाई, एवढीच तिची ओळख. वाण्यातला नवरा कुठला आणि बायको कुठली, हे या बाईला कुठून ठाऊक, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटला. पण तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली आणि ती आत गेली.

शिवलीलाबाई फोटो पाहतच राहिल्या. मग फोन घेऊन त्या आतल्या खोलीकडं निघाल्या.

शिवलीलाबाई संकेश्वरच्या. घरात मराठी, दारात कानडी, अशा दोन्ही भाषांत वाढलेल्या. चौदाव्या वर्षी त्यांनी आईची उंची ओलांडली, सोळाव्या वर्षी वडिलांची. हाडपेर मोठं, तळहात सुपासारखे. आई म्हणायची, "जरा वाकून चाल गं, घरात पावणं आल्यात." पावणे यायचे, पोहे खायचे, आणि निरोप पाठवायचे की मुलगी चांगली आहे, पण अंगानं दांडगी आहे. थोरला भाऊ रघुजी प्रत्येक निरोपानंतर दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. शिवलीला विहिरीवरून दोन्ही काखांत घागरी घेऊन यायची आणि तरी तिला वाटायचं की आपल्या या ताकदीचा उपयोग काय, हिला तर कुणी विचारत नाही.

मग दयानंदांचं स्थळ आलं. मुलगा बेंगळुरात, यशवंतपूरच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. शिकलेला, निर्व्यसनी, आणि शिवलीलेच्या खांद्याला लागेल एवढाच. मुलगी बघायला आला तेव्हा त्यानं मुलीकडं एकदाच पाहिलं आणि परसात बेडकं ओरडत होती ती कुठल्या जातीची, हे रघुजीला विचारलं. रघुजीला वाटलं, हेही स्थळ गेलं. आठ दिवसांनी होकार आला.

लग्नात फोटो काढणाऱ्यानं नवरदेवाला पाटावर उभं केलं. मांडवात बायका कुजबुजल्या, "नवरा हाय का धाकटा दीर?" शिवलीलेनं ते ऐकलं. पुढं कितीतरी दिवस ते तिच्या कानातून गेलं नाही.

बेंगळुरात मत्तीकेरेला राजलक्ष्मीअम्मांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. परसात पेरूचं झाड होतं, नारळाचं एक, आणि कपडे धुवायचा दगड. संध्याकाळी दोघं बाजाराला निघाली की शिवलीला मुद्दाम चार पावलं मागं राहायची. शेजारी चाललं म्हणजे लोक दोघांना एका नजरेत मापतात, असं तिला वाटे. दयानंद थांबायचे. तीही थांबायची. "पाय दुखतात काय?" ते विचारायचे. ती "नाही" म्हणायची. असं बरेच दिवस चाललं.

एका रविवारी पाऊस उघडल्यावर ते तिला कॉलेजच्या आवारात घेऊन गेले. इमारतींच्या मागं जुनी झाडी होती. बांबूची बेटं, पर्जन्यवृक्ष, खाली घोट्याएवढा कुजका पाला. दयानंद पाल्यात उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी पाला बाजूला सारू लागले. ती पदर सावरून उभीच होती.

"ये, बस," ते म्हणाले. "हे बघ."

एक मोठा वाणी चालला होता आणि त्याच्या पाठीवर दुसरा, बारका.

"यातला मोठा कोण?" त्यांनी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"नर असंल," ती म्हणाली. "मोठा आहे म्हणजे."

"नाही." दयानंदांचा चेहरा इतका उजळला की ती बघतच राहिली. "मोठी असते ती मादी. वर बसलाय तो नर. लांबीला फारसा फरक नसतो, पण जाडीला बघ. वजनाला तर दीडपट भरते ती. पोटात अंडी वागवायची असतात ना. जितकं अंग मोठं, तितकी अंडी जास्त. नराला काय, शोधत हिंडायचं असतं, त्याला हलकं अंग बरं." मग त्यांनी बारक्याला अलगद उचलून उलटं केलं. "आणि ही खूण. डोक्याकडून सातवी कडी. इथं नराला चालायचे पाय नसतात. तेवढं बघितलं की चूक होत नाही."

तिनं बराच वेळ त्या जोडीकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "त्याला काही वाटत नाही?"

"कुणाला?"

"नराला. ती एवढी मोठी म्हणून."

दयानंद कुठल्याही प्रश्नाला हसत नसत. त्यांनी खरोखरच विचार केला. "ती सापडली त्याला," ते म्हणाले, "बहुतेक तेवढंच त्याला पुरत असावं."

परत येताना वाटेत चिखल होता. त्यांचा पाय घसरला तसा तिनं त्यांचा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. त्या संध्याकाळपासून ती त्यांच्या शेजारून चालू लागली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दयानंदांनीही विचारलं नाही.

पुढं दयानंदांनी एम.फिल.साठी तोच विषय घेतला. नर-मादीच्या अंगमापांतला फरक, आणि तो पावसाळाभर कसा वाढत जातो. परसात पेरूखाली मातीच्या कुंड्या मांडल्या गेल्या. कुंड्यांत ओला पाला, पाल्यात वाणी. मोजायची पंचाईत अशी की हात लागला की वाणी वेटोळं करतो, आणि वेटोळ्याची जाडी कशी मोजणार? दयानंदांचे हात हाडकुळे, थंड. त्यांच्या हातात वाणी मिटला की मिटूनच राहायचा. एकदा कंटाळून त्यांनी तो शिवलीलेच्या हातावर ठेवला आणि जाडी मोजायचा व्हर्नियर पुसायला घेतला. तिचा तळहात रुंद, उबदार, पोळपाटासारखा सपाट. वाणी थोडा वेळ पडून राहिला, मग सैल झाला, मिशा हलवून पाहिल्या आणि निवांत चालू लागला.

"हलू नको," दयानंद हळूच म्हणाले.

तेव्हापासून तो तिचा मान झाला. दुपारी भांडी आवरली की दोघं पेरूखाली बसायची. ती हातावर वाणी घेऊन निश्चल, ते वाकून मापं घेणारे. वाण्याच्या अंगातून पिवळट रस सुटतो, त्याला औषधासारखा उग्र वास असतो आणि डाग दिवसेंदिवस जात नाही. तिची बोटं कायम पिवळी असत. राजलक्ष्मीअम्मांना वाटायचं, या मराठी बाया हळदच फार वापरतात.

अम्मा माणूस प्रेमळ होत्या. सुट्टीला गावी जाताना शिवलीला किल्ली त्यांच्याकडंच देऊन जायची. एका वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नाला दोघं संकेश्वरला गेली. परत आली तर कुंड्या धुऊन पालथ्या मांडलेल्या. अम्मांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की मागं फार हुळ, म्हणजे किडे, झाले होते, पोरांना चावतील म्हणून पावडर मारून घेतली, सगळं स्वच्छ केलं.

दयानंदांनी त्यांना एक शब्द बोलून दाखवला नाही. पण पेरूखाली जाऊन बसले ते दिवे लागले तरी उठले नाहीत. जेवले नाहीत. दोन पावसाळ्यांचं काम होतं. कोणती मादी कुठल्या कुंडीतली, कुणाची अंडी केव्हाची, सगळं गेलं. सकाळी त्यांनी सांगितलं की आता दुसरा विषय घेतो, किंवा नाहीच घेत.

शिवलीलेनं डबा भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "तुम्ही कॉलेजला जावा. मी आणतो."

"काय आणतेस?"

"वाणी. मेले ते मेले, रानातले कुठं मेल्यात?"

तो सगळा पावसाळा ती पिशवी घेऊन त्या बांबूच्या बेटांत हिंडली. कॉलेजचा पहारेकरी आधी हटकायचा, मग पाऊस आला की आपली छत्री द्यायचा. उलटं करून सातवी कडी बघायची, नर वेगळे, माद्या वेगळ्या. पाठ भरून यायची, पण आपल्या या अंगाला हे काम होतं, असं तिला वाटायचं. नव्या कुंड्या भरल्या. अम्मांना तिनं कानडीत समजावून सांगितलं की हे हुळ साहेबांच्या नोकरीचे आहेत. त्यानंतर अम्मा स्वतः त्या कुंड्यांवर पाणी शिंपडायच्या. एम.फिल. झालं. पीएच.डी. मात्र राहून गेली. सुरज झाला, वर्गांची संख्या वाढली, दिवस गेले. तरी दर पावसाळ्यात एका रविवारी दोघं बांबूच्या बेटांत जाऊन यायची. काही मोजायला नाही, नुसतीच बघायला.

दोन वर्षांपूर्वी दयानंदांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि जीभ जड झाली. बोलण्यात जन्म गेलेला माणूस एकेका शब्दासाठी थांबू लागला. मत्तीकेरेचं घर सोडून दोघं सुरजच्या फ्लॅटमध्ये आली. वजन घटत घटत दयानंद लहान मुलासारखे हलके झाले. त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, खुर्चीत बसवणं सगळं शिवलीलाबाई एकट्या करत. सुरजनं माणूस ठेवायचा म्हटला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला जड नाहीत ते."

आता त्यांनी फोन नवऱ्याच्या डोळ्यांपुढं धरला.

दयानंदांनी फोटो पाहिला. डावा हात उचलून त्यांनी बोट आधी खालच्यावर ठेवलं, मग वरच्यावर. ओठ हलले.

"मा... दी," ते म्हणाले. मग खिडकीकडं बघून, "खाली."

"खाली जायचं?"

त्यांनी मान हलवली.

शिवलीलाबाई बाहेर आल्या. लिफ्ट बंद होती. रात्रीच्या पावसानं तळाच्या खड्ड्यात पाणी भरलं होतं, दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. सुरज कंपनीच्या कामानं चेन्नईला गेलेला. घर दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी आत येऊन सांगितलं, "उद्या जाऊ. लिफ्ट बंद आहे."

दयानंदांनी मान वळवली. नुसतं खिडकीकडं बघत राहिले. उद्या ऊन पडलं तर वाणी पाल्यात शिरतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकोलाही.

शिवलीलाबाईंनी कपाटातून जुनं इरकली लुगडं काढलं.

स्मिता पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा सासूबाई दार उघडत होत्या. पाठीवर सासरे होते. लुगड्याचा एक वेढा त्यांच्या कमरेखालून घेऊन सासूबाईंनी पोटावर गाठ मारली होती, शेतावर जाणाऱ्या बायका पोराला बांधतात तशी. दयानंदांचा डावा हात बायकोच्या गळ्याभोवती, हनुवटी तिच्या खांद्यावर.

"आई, काय करताय? प्लीज थांबा, मी सिक्युरिटीला बोलावते. पडलात म्हणजे?"

"पडत नाही. तू स्वल्प बाजूला हो. आणि ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन ये माझ्या मागनं."

स्मितानं मीटिंग तशीच सोडली, खुर्ची उचलली आणि मागं न राहता पुढं जाऊन उलट्या पावलांनी उतरू लागली, म्हणजे तोल गेलाच तर आपण आहोत. शिवलीलाबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. मधल्या वळणावर दम घ्यायला थांबल्या. कपाळावर घाम आला होता. पाठीवरून दयानंद काहीतरी पुटपुटले. स्मिताला कळलं नाही. शिवलीलाबाई मात्र इतक्या हसल्या की त्यांना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"काय म्हणाले बाबा?"

"म्हणाले, आता फोटो काढ."

इमारतीच्या मागं, गाड्या लावायच्या जागेपलीकडं, माळ्यानं भिंतीलगत पाल्याचा ढीग लावला होता. पावसानं तो कुजला होता आणि वाणी तिथूनच निघत होते. काही भिंतीवर, काही फरशीवर, काही नुसतेच वेटोळी करून पडलेले. स्मितानं खुर्ची दूरच ठेवली. शिवलीलाबाईंनी ती पायानं ढिगाजवळ ढकलली, वळून गाठ सोडली आणि नवऱ्याला अलगद बसवलं. मग एक मोठा वाणी उचलून आपल्या तळहातावर घेतला आणि त्यांच्यापुढं धरला. वाणी मिटला, पडून राहिला, आणि पूर्वीसारखाच सैल होऊन चालू लागला.

तिघं बराच वेळ तिथं होती. स्मिता आधी लांब उभी होती. मग विचारू लागली. ही का मोठी, तो का लहान, सगळ्या जातींत असंच असतं काय. शिवलीलाबाई सांगत होत्या आणि चुकलं की दयानंद मान हलवत होते.

"सगळ्या... नाही," ते म्हणाले.

"हो, सगळ्या जातींत नाही," शिवलीलाबाईंनी दुरुस्त केलं. "काही जातींत नरही मोठा असतो. पण बहुतेक करून ती मोठी."

"मला वाटायचं, मोठा म्हणजे मेल," स्मिता म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं." आणि मग त्यांनी सुनेला तो रविवार सांगितला, मांडवातल्या बायकांपासून चिखलात धरलेल्या दंडापर्यंत. घरात हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं, सुरजलाही नाही. सांगता सांगता त्यांच्या मनात एक गोष्ट आली, जी इतक्या वर्षांत विचारायची राहून गेली होती. त्या नवऱ्याकडं वळल्या.

"अहो, तेव्हा ते मला मुद्दाम दाखवलं काय? माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

दयानंदांनी कपाळाला आठ्या घातल्या. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "मला... वाण्यांचं... तेव्हाच... कळलं होतं. कुणाला तरी... सांगायचं होतं."

आपल्या मनातलं दुःख ओळखून या माणसानं न बोलता त्यावर फुंकर घातली, असं शिवलीलाबाई जन्मभर धरून चालल्या होत्या. कितीदा त्या आठवणीच्या आधारानं त्यांनी त्यांचा विसराळूपणा, त्यांचं घराकडं दुर्लक्ष पोटात घातलं होतं. आणि यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. क्षणभर त्यांना काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटलं.

"म्हणजे माझी उंची तुम्हाला दिसतच नव्हती काय?"

"दिसत... होती."

"मग?"

दयानंदांनी त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. परीक्षेत भलताच प्रश्न आल्यासारखं.

"मग... काय?" ते म्हणाले.

स्मिता खाली बघत होती. शिवलीलाबाईंनी हातावरचा वाणी पाल्यावर सोडला आणि पदरानं डोळे पुसले. वास उग्र होता, डोळ्यांत पाणी यायला निमित्त चांगलं होतं.

तेवढ्यात महांतेश आले. मूळचे बैलहोंगलचे, या बाईंशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून खूश असणारे. सरांना पाठीवरून खाली आणलं हे पहारेकऱ्यानं त्यांना कळवलं होतं.

"अक्का, मला फोन करायचा की. चौघांना पाठवलं असतं." मग त्यांनी ढिगाकडं पाहिलं. "हेच ते हुळ? शनिवारी सगळं साफ करून घेतो."

"औषध मारू नका," शिवलीलाबाई म्हणाल्या.

"आता मी काय करू? ग्रुपवर सगळे ओरडायलेत. कुणाच्या किचनपर्यंत गेलाय म्हणे."

"ढीग भिंतीला लागून आहे म्हणून जातात आत. तो उचलून तिकडं कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकू. इथली जागा कोरडी ठेवली की येत नाहीत. माळ्याबरोबर मी उभी राहते."

"सरी, चालेल," महांतेश म्हणाले, "ढिगाचं बघू. पण पेस्ट कंट्रोल कॅन्सल करता येणार नाही. कमिटीत ठरलंय."

स्मिता मध्येच म्हणाली, "मग फक्त लॉबी आणि पॅसेजमध्ये करा ना, काका. मागचा कोपरा सोडा. मी टाकते ग्रुपवर. कुणाला प्रॉब्लेम असेल तर माझ्याशी बोलतील."

वर जाताना महांतेशनी बोलावलेल्या चौघांनी दयानंदांना खुर्चीसकट उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी माळ्यानं ढीग हलवला. शिवलीलाबाईंनी त्याच्या बरोबरीनं फावडं मारलं. शनिवारी पंपवाले आले. महांतेशनी कोपऱ्याची गोष्ट त्यांना सांगितली होती, तरी एकानं भिंतीलगत दाट फवारा मारलाच, आणि रविवारी सकाळी तिथं मेलेले वाणी झाडूनं गोळा करावे लागले. शिवलीलाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या ढिगाला मात्र कुणी हात लावला नव्हता.

जिना उतरण्याची किंमत त्यांच्या पाठीनं वसूल केली. आठवडाभर त्यांना धड वाकता येईना. चेन्नईहून परतलेला सुरज रागावला, मग हसला, मग पुन्हा रागावला. रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटला की स्मिता बामची बाटली घेऊन यायची आणि सासूबाईंच्या पाठीला चोळून द्यायची. त्या रुंद पाठीवर तिचे हात पुरत नसत. चोळता चोळता ती मत्तीकेरेचं काहीबाही विचारायची. पेरू गोड होते का, अम्मांचं पुढं काय झालं, बाबा शिकवायचे कसे. शिवलीलाबाईंना इतकं बोलायची सवय नव्हती. पण पाठीवर हात असला आणि तोंड भिंतीकडं असलं की माणसाला बोलता येतं.

"एकदा जाऊ या का तिकडे?" एका संध्याकाळी स्मितानं विचारलं. "दोघीच. सुरज थांबेल बाबांजवळ."

डिसेंबरातल्या एका रविवारी त्या निघाल्या. रिक्षानं मेट्रो गाठली, मॅजेस्टिकला बदलली, यशवंतपूरला उतरल्या. मत्तीकेरेची गल्ली शिवलीलाबाईंना आधी ओळखूच येईना. राजलक्ष्मीअम्मांच्या घराच्या जागी मुलींचं पेइंग गेस्ट हॉस्टेल उभं होतं, चार मजली, गुलाबी. पेरूच्या जागी पाण्याची टाकी. त्या समोरच्या पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. वरच्या गॅलरीत एक मुलगी केस वाळवत होती, तिनं कानडीत विचारलं, "कोण पाहिजे, आंटी?" कुणी नको, म्हणून त्या पुढं निघाल्या.

कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी नवा होता. दयानंदसरांचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं. पण या वयाची बाई झाडं बघायला आली म्हणते, एवढ्यावर त्यानं आत सोडलं. मागची निम्मी झाडी गेली होती, तिथं नवी प्रयोगशाळा झाली होती. बांबूचं एक बेट शिल्लक होतं. थंडीचे दिवस, पाला कोरडा, पायाखाली कुरकुरत होता. शिवलीलाबाई हळूच खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी पाला बाजूला करू लागल्या. स्मिताही शेजारी बसली, नवीन ड्रेसचा विचार न करता. दोघींनी बराच पाला उपसला. मुंग्या निघाल्या, एक गांडूळ निघालं, आणि पांढरी पडलेली एक रिकामी कडी, कुठल्या तरी जुन्या वाण्याची. ती स्मितानं निरखून बघितली आणि परत ठेवली.

फाटकाबाहेरच्या गाडीवर दोघींनी उभ्या उभ्या मसालापुरी खाल्ली. इथं पूर्वी शेंगावाला बसायचा आणि दयानंद खिशात शेंगा भरून वर्गात जायचे, हे सांगताना शिवलीलाबाईंना ठसका लागला. स्मितानं पाठ थोपटली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दयानंद खिडकीपाशी खुर्चीत बसून वाट बघत होते. शिवलीलाबाईंनी चपला काढल्या आणि तशाच त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"होते?" दयानंदांनी विचारलं. एका दमात, न अडखळता.

"नव्हते," त्या म्हणाल्या. "खूप शोधलं दोघींनी."

दयानंदांनी जरा विचार केला. मग समजूत पटल्यासारखी मान हलवली.

"डि...सेंबर," ते म्हणाले. "खोल... जातात."

"हो की," शिवलीलाबाई म्हणाल्या, "मीच विसरले," आणि चहा ठेवायला आत गेल्या.